नेऱ्याच्या शाळेतला माझा वार

उरण नाक्यावर वालाच्या शेंगा आल्या की माझा हिवाळा सुरू होतो. मग थंडी असो वा नसो. पनवेलला ती तशीही असून नसल्यासारखीच. सकाळी दुकान उघडायला जाताना भाजीवाल्या बायकांच्या टोपल्यांत त्या हिरव्यागार, पोट फुगलेल्या शेंगा दिसतात आणि शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. हा पाला एरवी रानात नुसता उभा असतो, त्याला कोणी विचारत नाही. पोपटीच्या, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा भाजायच्या दिवसांत मात्र त्याच्यावाचून सगळं अडतं. वास उग्र, ओव्याच्या जवळचा. मी दरवर्षी एक जुडी घेतो आणि काउंटरखाली ठेवून देतो. पोपटी लावायला आता ओळखीचं शेत राहिलेलं नाही, पण दुकानातल्या औषधांच्या वासाला तो पाला दिवसभर पुरून उरतो. गिऱ्हाइकं नाक वर करून विचारतात, कसला हो वास येतोय? मी सांगतो, शाळेचा.

आणि मग पुढचं सांगावंच लागतं. घरचे म्हणतात, मी ते जरा जास्तच वेळा सांगतो. सांगेन. माणसाच्या हातून जन्मात दोन-चार गोष्टी बऱ्या होतात, त्या त्याने सांगितल्या तर कोणाचं काय जातं?

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला ऋतू वेगळे दिसतात. पावसाळा म्हणजे तापाच्या गोळ्या, दिवाळीनंतर खोकल्याची बाटली, आणि जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आया. परीक्षा जवळ आल्या की आया येतात आणि आवाज खाली करून विचारतात, ते बुद्धी वाढवायचं सिरप आहे का? ज्याची बुद्धी वाढवायची तो शेजारीच उभा राहून चॉकलेटच्या बरणीकडे बघत असतो. मी विचारतो, कितवीत आहे? दुसरीत. मग मी सांगतो की याला झोपू द्या, खेळू द्या आणि चिक्की खायला घाला. माझी बायको मेधा म्हणते की मी दुकान सल्ले द्यायलाच उघडलंय, औषधं आपली जोडीला ठेवलीत. तिचं सगळंच चुकीचं असतं असं नाही.

ज्या हिवाळ्याबद्दल मी बोलतोय, त्या हिवाळ्यात आमची रेवा सात पूर्ण करून आठव्यात गेली होती आणि तिला वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. आणि मी पनवेलमधला सगळ्यात निर्धास्त बाप होतो.

रेवा पनवेलजवळच्या नेरे गावातल्या शाळेत जायची. शाळा म्हणजे काशीबाईंचं जुनं कौलारू घर. काशीबाई नेऱ्यातल्या जमीनवाल्या आगरी घरातल्या. रस्त्याकडेला त्यांनी नवं स्लॅबचं घर बांधलं आणि जुनं रिकामं पडलं, ते त्यांनी वासंतीताईंना शाळेला दिलं. वर स्वतःचा मयूरही तिथेच घातला. घर माजा हाय, मग माजा पोर बी हितंच बसल, असा त्यांचा हिशेब. वासंतीताई आधी एका मोठ्या शाळेत शिकवायच्या. तिथल्या घंटेला, ओळींना आणि गुणपत्रिकांना कंटाळून त्या बाहेर पडल्या होत्या. वीसेक मुलं, पडवी, मागे वालाचं शेत, पलीकडे गाढी नदी आणि डोक्यावर प्रबळगड. इयत्ता नाहीत, परीक्षा नाहीत.

पण ती शाळा खरी वेगळी होती ती पालकांमुळे. प्रत्येक घराने आठवड्यातली एक सकाळ द्यायची. सहलीला मदत किंवा गॅदरिंगला पडदा बांधणं असलं काही नाही; वर्गात बसून शिकवायचं. याला आम्ही 'वार' म्हणायचो. नवीन पालक भेटला की पहिला प्रश्न हाच असायचा, तुमचा वार कुठला? सोमवार इक्बालभाईंचा. त्यांचं पळस्प्याला गॅरेज होतं आणि त्यांची सना रेवाची घट्ट मैत्रीण. बुधवार काशीबाईंचा. गुरुवार माझा. आमच्या घरात शिकलेली शिक्षिका मेधा होती; पनवेलच्या एका जुन्या मराठी शाळेत ती दुसरीचा वर्ग घ्यायची. पण तिची शाळाही सकाळचीच. त्यामुळे जिला शिकवता येतं ती घरातून तिकडे जायची आणि ज्याला येत नाही तो स्कूटरला किक मारून नेऱ्याला.

वाराचे काही नियम होते. आपल्या वारी आपलं मूल आपल्याला आई किंवा बाबा म्हणणार नाही, सगळ्यांसारखं काकू-काका म्हणेल. रेवाने हे इतकं मनावर घेतलं होतं की गुरुवारी सकाळी घरातच ती मला म्हणायची, काका, माझा एक मोजा मिळत नाहीये. दुसरा नियम, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तो प्रश्न मुलांना विचारायचा नाही. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. माझ्या पहिल्या गुरुवारी मी ऐटीत स्पिरिटचा दिवा मांडला आणि विचारलं, सांगा पाहू, पाणी उकळायला लागलं की त्यात काय दिसतं? वासंतीताई दारात उभ्या राहून खोकल्या. मयूरने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि विचारलं, "काका, तुमी पानी उकाललेला कदी बगितलाच नाय का?" नंतरचा सगळा तास त्याने मला पाणी कसं उकळतं ते समजावून दिलं. मला ते मनापासून आवडलं. दुकानात दिवसभर मलाच सगळं ठाऊक असायचं, त्याचा शीण इथे जायचा.

तिसरा नियम वाचण्याचा. मूल स्वतः 'हे काय लिहिलंय' असं विचारेपर्यंत त्याला अक्षर दाखवायचं नाही. विचारलं की सांगायचं, तेवढंच सांगायचं आणि थांबायचं. वासंतीताई म्हणायच्या, भूक लागली की मूल ताटावर येतं, घास घेऊन मागे धावू नका. बाकीची मुलं ताटावर आली. सना आली, मयूर आला. रेवा काही आली नाही. तिला पक्षी ओळखता यायचे, तिला नदीतल्या खेकड्यांच्या बिळांची पूर्ण माहिती होती, लहान मुलांना गोळा करून ती अशा गोष्टी रचून सांगायची की मीही हातातलं काम सोडून ऐकायचो. पण भिंतीवरच्या तक्त्यांकडे तिचं लक्षच नव्हतं.

मला घाई नव्हती, त्याला कारण होतं. नेऱ्याआधी एक वर्ष ती घराजवळच्या बालवाडीत होती. त्या वर्षात तिला दर सोमवारी ताप यायचा. मी औषधवाला, रविवारी संध्याकाळी तिचं कपाळ बघून मला कळायचं की उद्या बाटली काढावी लागणार. नेऱ्याला जायला लागल्यावर तो ताप गेला तो गेलाच. मी कोणतंही औषध बदललं नव्हतं. असं डोळ्यांसमोर घडल्यावर माणूस त्या शाळेच्या बाजूने उभा राहणार नाही तर काय करणार?

मेधाला हे सगळं मान्य होतं. पण तिला दुसरंही काही दिसत होतं. एका सकाळी डबे भरताभरता ती शांतपणे बोलली. "माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत. वाचता येत नाही. ती फळ्याकडे बघतच नाहीत, शेजारच्याच्या पुस्तकाकडे बघतात. बाकीचे हसले की हसतात. मी रोज बघते रे ते. रेवाला तसं बसलेलं मला नाही बघवणार." मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि तोडगाही सांगितला. होळीपर्यंत रेवा वाचायला लागली तर ती नेऱ्यालाच राहील. नाही लागली तर जूनमध्ये ती मेधाबरोबर तिच्या शाळेत जाईल. मोठ्या बाईंनी तिच्यासाठी एक जागा तोवर धरून ठेवली होती.

मी म्हटलं, मान्य. आणि वर हसून हात पुढे केला. तिने कोथिंबिरीच्या ओल्या हातानेच हातात हात दिला.

खरं म्हणजे तेव्हाच माझी नजर कॅलेंडरात होळी शोधायला लागली होती. पण मी काही तसा दाखवणारा माणूस नव्हे. उलट त्याच गुरुवारी मी नेऱ्याच्या पडवीत बसून ही पैज सगळ्यांना सांगितली. इक्बालभाई दाढी खाजवत म्हणाले, "मेडिकलवाले, फिकीर नका करू. माशाल्ला, पोरगी तेज आहे." काशीबाई काही तशा बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आन होलीपरीन नाय वाचली तं? मी म्हटलं, वाचणार. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दुकानात कोणी घसादुखीवर बर्फाचा गोळा मागितला तर मी जसा बघेन, तशा.

ते जानेवारीचे दिवस माझ्या अंगात अजून आहेत. सकाळी स्कूटरवर पुढे रेवा उभी, तिच्या कानटोपीचा गोंडा माझ्या हनुवटीला लागतोय. पनवेल मागे पडलं की हवा एकदम गार व्हायची. भात कापून झालेल्या शेतांत वालाचे वेल पसरलेले, त्यांच्यावर दव, आणि प्रबळगड नुसता वरचा अर्धा दिसतोय, खालचा धुक्यात. रस्त्याला जागोजागी बिल्डर लोकांचे बोर्ड लागायला सुरुवात झाली होती. प्रत्येकावर एक हसणारं कुटुंब आणि मोठमोठी अक्षरं. मी एकही बोर्ड मोठ्याने वाचायचो नाही. नियम म्हणजे नियम. रेवा त्या हसणाऱ्या कुटुंबांना नावं ठेवायची, कोणाचे दात मोजायची, आणि खालच्या अक्षरांबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. मी मनातल्या मनात म्हणायचो, विचार ना गं. एकदा तरी विचार.

संध्याकाळी दुकानात आया यायच्या, सिरप मागायच्या, आणि माझा सल्ला पूर्वीसारखा सुटसुटीत निघेनासा झाला. एकदा दुकान बंद करताना मी ब्राह्मीची एक बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली. शटर अर्ध्यावर आणलं. मग शटर पुन्हा वर केलं, बाटली जागेवर ठेवली आणि घरी गेलो. मेधाला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही, आता वाचेल.

गुरुवारी मात्र मी खंबीर असायचो. इतर मुलं काही विचारायची, लिहायची. रेवा माझ्या तराजूशी खेळायची. जुना, पितळी, पुड्या बांधायच्या काळातला तराजू होता. ती एका पारड्यात चिंचोके आणि दुसऱ्यात पिसं टाकत बसायची. मी तिला काहीही शिकवलं नाही. समोर कागद, पेन्सिल, तक्ते, सगळं हाताशी असताना नाही शिकवलं. शिकवण्यापेक्षा न शिकवायला किती ताकद लागते, हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

होळी तोंडावर आली होती आणि शेंगा संपत आल्या होत्या, तेव्हा काशीबाईंनी पोपटीचं ठरवलं. दरवर्षी शाळेची पोपटी त्यांच्याच शेतात व्हायची. रविवार होता, म्हणून त्या वेळी मेधाही आली. ऊन उतरलं तसं काम सुरू झालं. आधी मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला. मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, त्यात रताळी-बटाटे. इक्बालभाईंनी अंडी आणली होती, ती मधोमध. पुन्हा पाला गच्च कोंबून मडक्याचं तोंड बंद केलं आणि मडकं जमिनीवर पालथं घातलं. वरून काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून विस्तव लावला. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही; आपल्याच वाफेवर सगळं शिजतं. मुलं गोल बसली. झालं का, झालं का, असं सारखं चाललं होतं आणि काशीबाई काठी घेऊन कोणाला जवळ येऊ देत नव्हत्या.

मेधा माझ्या शेजारी बसली होती. मी तिला आजूबाजूचं दाखवत होतो, ही सना, ते आंब्याचं झाड, तिथे माझा तराजू ठेवतो. ती हूं हूं म्हणत होती. आतून मी मोजत होतो की होळीला किती गुरुवार राहिले, आणि मोजायला फारसं काही उरलं नव्हतं.

काशीबाईंनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी तिथल्या तिथे उडालं. म्हणजे शिजलं. दोन काठ्यांनी मडकं उचलून त्यांनी ते जुन्या वर्तमानपत्रांवर रिकामं केलं. वाफेबरोबर तो उग्र वास आला आणि सगळे तुटून पडले. शेंगा इतक्या गरम की या हातातून त्या हातात. रेवा सनाला चिकटून बसली होती, तोंड भरलेलं, हनुवटीला राख. शेंगा संपत गेल्या तसा खालचा कागद दिसायला लागला. ओला, पिवळट. त्यावर तसंच एक हसणारं कुटुंब होतं.

"नेरे," रेवा म्हणाली. मग शेंग चावत, बोट फिरवत, जणू रोजचंच काम असावं तशी, "पनवेल स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर." आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. "खोटं लिहिलंय, बाबा. आपल्याला स्कूटरवर किती वेळ लागतो."

मग मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण बरंच बोललो. की बघा, मी म्हणत होतो. की मुलावर विश्वास ठेवावा लागतो. आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं आणि त्यातलं खोटंही पकडलं, याला म्हणतात शिक्षण. इक्बालभाई आकाशाकडे बघून हसत होते. काशीबाई अचानक विस्तव विझवण्यात फार गढून गेल्या. वासंतीताई रेवाजवळ उकिडव्या बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "रेवा, कोणी शिकवलं गं तुला वाचायला?"

रेवाने त्यांच्याकडे बघितलं. मग गोलात सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. "कोणी नाही," ती म्हणाली.

मेधाने हातातली शेंग सोलली, दाणे रेवाच्या तळहातावर ठेवले आणि मला म्हणाली, ठरलं ते ठरलं. चेहऱ्यावर हरल्याची एक रेघ नव्हती. घरी परतताना मी मुद्दाम स्कूटर हळू चालवली. दोघी मागे-पुढे बसल्या होत्या, रेवा दिसेल तो बोर्ड वाचत होती आणि मला वाटत होतं की पनवेल येऊच नये.

रेवा चौथीच्या वयापर्यंत नेऱ्याला राहिली. तो ताप पुन्हा आला नाही. पाचवीला ती आपणहून मेधाच्या शाळेत गेली, वेणीला रिबिनी बांधून, आनंदाने. त्यानंतर काही वर्षांनी शाळा बंद झाली. वासंतीताई आपल्या बहिणीकडे नाशिकला गेल्या. काशीबाईंच्या शेतावर आता तीन टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीतही स्टेशन पाच मिनिटांवरच आहे. काशीबाई त्यातल्याच एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. मध्ये बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, लिफ्ट बंद पडली का मना परबल जास्ती जवल वाटतो. इक्बालभाईंचं गॅरेज सनाचा नवरा बघतो.

माझ्याकडे मात्र 'कोणी नाही' राहिलं. हे दोन शब्द मी कुठे कुठे वापरले नसतील. सिरप मागणाऱ्या आयांना सांगितले. लग्नांत पंगतीला शेजारी बसलेल्यांना सांगितले. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना सांगितले. माझी मुलगी कोणीही न शिकवता वाचायला लागली, मी एक अक्षर दाखवलं नाही. आणि ते खरंही होतं. मी नव्हतंच दाखवलं.

यंदा शेंगा आल्या तेव्हा रेवा सुट्टीला पुण्याहून घरी आली होती. कॉलेजात आहे आता, माझ्या खांद्याच्या वर गेली. रविवारी सकाळी शेजारचं नवीन जोडपं आलं होतं, मुलाला कुठल्या शाळेत घालावं असं विचारायला. म्हणजे ते बहुतेक साखर मागायला आले होते, विषय मी काढला. त्यांना मी सगळं सांगितलं. नेरे, वार, पोपटी, कोणी नाही. मेधा आणि रेवा जमिनीवर बसून बिरड्याचे मोड आलेले वाल सोलत होत्या. ती मंडळी गेली, दार लागलं, आणि रेवा इतकी हसायला लागली की तिच्या हातातला वाल उडून सोफ्याखाली गेला.

"बाबा," ती म्हणाली, "मला इक्बालकाकांनी शिकवलं. त्यांच्या व्हॅनच्या धुळीच्या काचेवर, बोटाने. दर सोमवारी. आणि काशीकाकींनी वालाच्या शेतात, काडीने मातीत. दोघांनी सांगितलं होतं की ताईंना बोलायचं नाही. बाबांना तर अजिबातच नाही."

मी म्हटलं, शक्यच नाही. ती म्हणाली, तू पैज सांगितलीस ना सगळ्यांना, त्याच आठवड्यापासून. मला नेऱ्याहून काढतील म्हणून काकी घाबरल्या होत्या. आणि गंमत म्हणजे, त्या शिकवायला लागल्या तेव्हा तिला अक्षरं येत होती. पण काकी जमिनीवर बसून इतक्या मनापासून क काढायच्या, की येतो म्हणून सांगणं तिच्या जिवावर यायचं. मग ती तोंड गंभीर करून पुन्हा क पासून शिकायची. सोमवारी इक्बालकाकांकडे पुन्हा क. पोपटीच्या दिवशी वासंतीताईंनी विचारलं तेव्हा सगळे समोरच बसलेले, आणि प्रत्येकाला तिने कबूल केलेलं की सांगणार नाही. म्हणून मग 'कोणी नाही'.

मी खुर्चीत बसलो. सगळ्या शाळेने नियम मोडला होता आणि मी एकट्याने पाळला होता. हसावं की रागवावं ते कळेना. मी म्हटलं, म्हणजे तुला न शिकवणारा मीच एकटा. ती लगेच म्हणाली, म्हणून तर गुरुवार आवडायचा. गुरुवारी तिला कोणासमोर काही येत नसल्याचं सोंग करावं लागायचं नाही, नुसतं खेळता यायचं. हे ऐकून मला बरं वाटलं. खरंच खूप बरं वाटलं.

मग माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. मी विचारलं, काकींनी सुरुवात केली तेव्हा तुला आधीच येत होतं, म्हणजे त्यांच्याही आधी कोणीतरी शिकवलं होतं?

रेवाने आईकडे बघितलं.

मेधा खाली मान घालून वाल सोलत होती. तिने सोललेल्या डाळिंब्या ताटात बोटाने ओढल्या, एक उभी रेघ केली, एक आडवी, दोन्ही बाजूंना एकेक गोलाई, आणि क झाला. पुन्हा सगळं हाताने पुसून सारखं केलं. तेव्हा रविवारीही सकाळी तू दुकानात असायचास, ती म्हणाली. बिरडं करायचं म्हणून दोघी बसायचो. पैजेच्याही आधीपासून, दिवाळी झाल्यापासून.

पैज तिनेच लावली होती, जागा तिनेच धरून ठेवायला सांगितली होती. रेवा वाचली नसती तर रेवा तिच्या शाळेत जाणार होती, आणि तिला तेच हवं होतं. मी विचारलं, "तुला तर जिंकायचं होतं ना? मग शिकवलंस कशाला?"

"मला ती माझ्याकडे हवी होती," मेधा म्हणाली. "हरून आलेली नको होती."